पहिल्या ओट्यावरच्या वत्सलाबाई

बदली होऊन बीडला आले तेव्हा खोली बघताना मी प्रत्येकाला एकच विचारायचे, "इथं भीती तर नाही ना?" एकटी बाई, त्यात सरकारी दवाखान्यातल्या नर्सची नोकरी. पाळी कधी दुपारची, कधी संध्याकाळची. किराणा दुकानदार म्हणायचा, "लई चांगला एरिया हाय, सिस्टर." एजंट म्हणायचा, "डोळे झाकून या." कामधेनू नगरच्या तोंडाशी जे पहिलं घर होतं, तिथल्या वत्सलाबाईंनी मात्र यातलं काहीच म्हटलं नाही. त्यांनी मला ओट्यावर खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आधी एक आईकून घ्या. मंग तुमचं तुमी ठरवा."

त्या दुपारी त्यांनी जे सांगितलं आणि पुढं मी त्यांच्याकडं भाड्यानं राहिले तेव्हा जे हळूहळू कळत गेलं, ते सगळं जोडून इथं सांगते आहे.

कामधेनू नगर ही दूध डेअरीच्या कामगारांनी सोसायटी करून वसवलेली वस्ती. शहर जिथं संपायचं, त्याच्याही पुढं. पलीकडं वावरं, एका अंगाला ओढा आणि ओढ्याच्या काठानं बाभळी. वत्सलाबाईंचे यजमान सुंदरराव डेअरीचा टँकर चालवायचे. प्लॉटच्या सोडतीत त्यांना रस्त्यावरचा पहिला प्लॉट मिळाला. वस्तीत शिरणारा प्रत्येक माणूस त्यांच्या ओट्यासमोरून जाई. पहाटेपासून गाड्यांना कॅन अडकवून आजूबाजूच्या खेड्यांतले दूधवाले यायचे. डेअरीच्या दारात रांग लागली की त्यांतले चारदोन जण वत्सलाबाईंच्या ओट्यावर टेकायचे. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या दुधाची फॅट लागत नाही, कुणाच्या पोरीला स्थळ आलं, हे सगळं त्यांना घरच्या घरी कळायचं.

सुंदरराव नोकरीत असतानाच गेले. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं, तिथून परत आलेच नाहीत. एकुलती मुलगी शिवकन्या चकलांब्याला दिलेली. तरी वत्सलाबाईंना आपण एकट्या पडलो असं तेव्हा वाटलं नव्हतं. ओट्यावर सतत माणसं असायची. नवीन कुणी प्लॉट घ्यायला आलं की एजंट त्याला मुद्दाम त्यांच्याकडं आणायचा आणि म्हणायचा, "मावशीलाच इचारा." वत्सलाबाई सांगायच्या, "दार नुसतं लोटून मी तलवाड्याला लग्नाला गेलते. चार दिवसांनी आले तर तांब्यासुद्धा जागच्या जागी." त्यांच्या या बोलण्यावर वस्तीत कितीतरी घरं उभी राहिली.

मग पावसानं दोन वर्षं ओढ दिली. बिंदुसरा नदी कोरडी पडली. खेड्यांतली जनावरं दावणीवरून सुटून चारा-छावणीत गेली आणि डेअरीत येणारं दूध आटत आटत एका टँकरवर आलं. मग तेही थांबलं. डेअरीच्या फाटकाला कुलूप लागलं. कामगारांतले काही वाळूजला कंपनीत लागले, काही पुण्याला गेले. बायकापोरंही मागोमाग गेली. वस्तीतल्या निम्म्या घरांच्या दारांना कुलपं दिसायला लागली आणि अंगणांत वाळलेली तुळस.

पहिली चोरी झाली ती पाण्याची. टँकर येऊन गेला की बायका बॅरल भरून ठेवायच्या. सकाळी उठून बघावं तर बॅरल निम्मं. लोकांनी बॅरलच्या झाकणाला कडी-कोयंडा करून घेतला. मग बोअरच्या मोटारी जायला लागल्या. मग भरदुपारी एका बाईच्या गळ्यातली पोत ओढून गाडीवरची दोन पोरं पसार झाली. त्याच सुमाराला पलीकडच्या वावरांतून बायपासचं काम निघालं. कुठकुठल्या गावची माणसं, डंपर, खडीचा धुरळा. रस्त्यानं जाणाऱ्या दहांतला एकही चेहरा वत्सलाबाईंच्या ओळखीचा नसे.

त्यांनी आतून कडी लावायला सुरुवात केली. भर उन्हाळ्यात खिडक्या बंद. दिवसचे दिवस कुणाशी शब्द नाही. शिवकन्येचा फोन यायचा, पण ती आणि तिचा नवरा तेव्हा कोयता घेऊन ऊसतोडीला लांब साखर कारखान्याच्या फडात होते. फोनला कधी रेंज, कधी नाही. "दुपारी भांडी घासताना मी भांड्यांसंगं बोलायची," वत्सलाबाई मला म्हणाल्या. "नाहीतर आवाजच बसला असता माझा."

त्या दिवसांत चंद्रभागाबाई त्यांच्या दारात आली.

ओढ्याजवळच्या रिकाम्या प्लॉटवर बायपासच्या कामावरचं एक कुटुंब पाल ठोकून राहिलं होतं. नवरा त्रिंबक, बायको चंद्रभागाबाई, दोन लहान मुली आणि एक शेळी. लिंबागणेशच्या शिवारात त्यांची थोडी कोरडवाहू जमीन होती, पण गावात पाणीच नव्हतं. चंद्रभागाबाई हंडा घेऊन आली आणि फाटकाबाहेरच उभी राहिली.

"मावशी, पोरींना प्यायपुरतं देता का?"

वत्सलाबाईंनी आधी खिडकीतूनच तिला न्याहाळलं. मग दार उघडलं. स्वतःच्या बॅरलचं कुलूप काढून हंडा भरून दिला. दुसऱ्या दिवशी चंद्रभागाबाई न मागता अंगण झाडून गेली. तिसऱ्या दिवशी दोघी ओट्यावर बसल्या. मग रोजच दुपारचं ठरून गेलं. त्रिंबक कामावर असायचा, मुली ओट्याच्या सावलीत निजायच्या आणि या दोघी गहू निवडायच्या, गोधडीला टाके घालायच्या. वत्सलाबाई सुंदररावांबद्दल बोलायच्या, ती गावाबद्दल. मोठी मुलगी चुलीपुढं बसून खोटी खोटी भाकरी थापायची ती कशी, हे वत्सलाबाई मला सांगताना हातांनी करून दाखवत.

त्रिंबक मात्र त्यांच्याशी बोलत नसे. खाली मान घालून जायचा, खाली मान घालून यायचा. त्याला त्या थोड्या बिचकूनच होत्या.

वैशाखात सोसायटीचे चेअरमन भगवानराव बायकोसह तलवाड्याला पुतण्याच्या लग्नाला गेले. डेअरीत ते मॅनेजर होते. डेअरी बंद पडल्यावरही वस्ती न सोडणाऱ्यांपैकी एक. ते परत आले तेव्हा मागच्या दाराचं कुलूप तुटलेलं होतं. लोखंडी कपाट फोडलेलं, देवघरातली चांदीची भांडी गेलेली, बायकोचे दागिने गेलेले. शेवटी वस्तीत उरलेली माणसं एकत्र जमली. जमली ती वत्सलाबाईंच्या ओट्यावर, कारण तिथून सगळं दिसतं. कुणी घरून खुर्च्या आणल्या. वत्सलाबाईंनी मोठं पातेलं काढून चहा टाकला. कित्येक महिन्यांनी त्या घरात इतके कप निघाले होते.

भगवानराव म्हणाले, "वहिनी, तुम्ही दिवसभर इथं असता. आम्ही गावाला असताना कुणाला बघितलं का आमच्या बोळात?"

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. वत्सलाबाईंनी आठवून सांगितलं, "त्रिंबकला बघितलं. ओढ्याकडून येत होता. पाठीवर पोतं होतं."

"कसलं पोतं?"

"ते न्हाई माहीत."

"रिकामं होतं का भरलेलं?"

 इथवर सांगून वत्सलाबाई साडीचा पदर बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "सिस्टर, मला तवा एवढंच म्हणायचं होतं की भरल्यावानी दिसलं. पण सगळी माणसं माझ्याकडं बगत होती. किती दिवसांनी कुणी माझं आईकत होतं. मी म्हणले, जड होतं, वाकून चालत होता."

तो वाकून चालत होता का, हे त्यांना आजही सांगता येत नव्हतं.

दोघंतिघं लगेच उठून पालाकडं गेली. त्रिंबक कामावर होता. त्याला तिथूनच पोलीस ठाण्यावर नेलं. पालातलं सामान उपसलं तेव्हा चंद्रभागाबाई मुलींना जवळ घेऊन बाजूला उभी होती. पोत्यात बाभळीच्या शेंगा निघाल्या. शेळीसाठी ओढ्याकाठी वेचलेल्या. तरी लोकांचं समाधान झालं नाही. कुणी म्हणालं, वरून शेंगा टाकल्या असतील, खाली काय होतं कुणाला ठाऊक. कुणी म्हणालं, हे पाल आल्यापासूनच सगळं सुरू झालं. खरं तर पाण्याची चोरी आणि मोटारी जाणं पाल यायच्या आधीपासून चालू होतं. वत्सलाबाईंना ते पक्कं माहीत होतं. पण त्या वेळी त्यांनी ते सांगितलं नाही.

दोन दिवसांनी त्रिंबक परत आला. तिथं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. ठेकेदारानं त्याला कामावर घ्यायला नकार दिला. तो पालासमोर रस्त्याकडं पाठ करून बसून राहिला. चंद्रभागाबाई पाण्याला आली नाही. वत्सलाबाईंनीच हंडा भरून ओट्यावर ठेवला. तो तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाल उतरलेलं होतं. चार दगडांची चूल आणि शेळीच्या लेंड्या तेवढ्या मागं राहिल्या.

"त्या दिवसापसून," वत्सलाबाई म्हणाल्या, "मी दार उघडं ठिवलं काय आन् लावलं काय, सारखंच वाटायला लागलं."

वस्तीतल्या लोकांना पाल हटल्याचं बरंच वाटलं. काही दिवस शांततेत गेले. मग पुन्हा दोन घरं फुटली. पावसाळ्याच्या तोंडाला बातमी आली, दुसऱ्या जिल्ह्यात जीप घेऊन फिरणारी एक टोळी पकडली. बंद घरं हेरून फोडायची. भगवानरावांची चांदीची काही भांडी त्यांच्याकडं सापडली. भांडी मिळाल्याच्या आनंदात ते वस्तीत पेढे वाटत वत्सलाबाईंच्या दारी आले.

वत्सलाबाईंनी पेढा हातात धरला आणि विचारलं, "साहेब, त्रिंबकला कुणी कळवलं का?"

"कोण त्रिंबक?" भगवानराव म्हणाले. मग आठवून म्हणाले, "अच्छा, तो पालवाला. त्याला काय कळवायचं, वहिनी? सोडलं होतं की त्याला."

वाईट माणूस नव्हते ते. सुंदरराव गेले तेव्हा सगळी धावपळ त्यांनीच केली होती.  वत्सलाबाईंनी पेढा देवापुढं ठेवला. त्याला मुंग्या लागल्या.

त्या वर्षी पाऊस झाला. भाद्रपदात चतुर्थीला वत्सलाबाई काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसून लिंबागणेशला गेल्या. गणपतीला गर्दी असते, त्या गर्दीत आपण कशाला आलो हे कुणी विचारणार नाही, असा त्यांचा हिशेब. दर्शन घेतलं आणि विचारत विचारत शिवारात गेल्या. चंद्रभागाबाई दुसऱ्याच्या वावरात कपाशी खुरपत होती. वत्सलाबाईंना बघून ती उठली, बांधावर आली, डोईवरचा पदर सारखा केला.

"तुमी कावून आल्या मावशी एवढ्या लांब?"

"चोर घावले बाई. दुसरेच होते."

"आमाला ठाऊकच होतं की, आमी न्हाई ते."

 वत्सलाबाई म्हणाल्या, "मी बघितलं तेच सांगितलं होतं. पण जड होतं म्हणले, ते माझं चुकलं."

चंद्रभागाबाई बराच वेळ हातातलं खुरपं पुसत राहिली. मग म्हणाली, "जड तर होतंच. ओल्या शेंगा होत्या." पुढं म्हणाली, "मी रोज तुमच्यापाशी बसत होते मावशी. पोत्यात काय हाय ते मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

ती रागावलेली नव्हती. तिनं वत्सलाबाईंना बांधावरच्या कळशीतलं पाणी दिलं. मुली कशा आहेत विचारल्यावर बऱ्या आहेत म्हणाली. त्रिंबक कुठं आहे विचारल्यावर ऊसतोडीच्या मुकादमाकडं गेलाय म्हणाली, दसऱ्यानंतर फडावर निघणार होते. घरी चला असं मात्र म्हणाली नाही. वत्सलाबाईंनी मुलींसाठी दोन फ्रॉक नेले होते. ते तिनं घेतले, पिशवीसकट बांधावर ठेवले आणि पुन्हा ओळीत जाऊन बसली. वत्सलाबाई जीप मिळेपर्यंत मंदिराच्या पायऱ्यांवर बसून राहिल्या.

हे सगळं सांगून झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "आता इचारा तुमाला काय इचारायचं ते. भ्या हाय का न्हाई, ते मला कळत न्हाई आता. पूर्वी कळत होतं. निदान असं वाटत होतं. इथं चोऱ्या झाल्यात. वळणाच्या पुढचा दिवा लागत न्हाई. संध्याकाळी तुमी तिकडून एकट्या आल्या तर काय होईल, ते मी सांगू शकत न्हाई. चांगलं हाय असंबी म्हणणार न्हाई, वाईट हाय असंबी न्हाई."

त्यांना भाडेकरू हवा होता, हे तर बघताक्षणी कळत होतं. पुढच्या दोन खोल्या धुऊन पुसून तयार होत्या. कॉटवर नवी चादर होती. तरीही खोली घ्या असं त्या मला म्हणाल्या नाहीत. मी दोन दिवस विचार केला. दवाखान्याजवळ एक खोली मिळत होती. तिथला मालक फार गोड बोलायचा. मी वत्सलाबाईंकडं राहायला गेले.

तीन वर्षं राहिले. संध्याकाळची पाळी असली की परत येताना वळणाशी वत्सलाबाई उभ्या दिसायच्या. माझ्यासाठी उभ्या आहेत असं कधी म्हणाल्या नाहीत. "वारं घ्यायला आलते," म्हणायच्या. मग आम्ही बरोबर घरी यायचो. चालताना फारसं बोलणं नसायचं. घरातही त्यांची आणि माझी चूल वेगळी. मात्र त्यांच्या तव्यावरची एक भाकरी माझ्या ताटात आली नाही असा दिवस क्वचित.

मी तिथं असतानाच वस्ती बदलली. बायपास सुरू झाला आणि प्लॉटना मागणी आली. कुलूपबंद घरं विकली गेली, पाडली गेली, तिथं दुमजली बंगले झाले. उंच भिंती, लोखंडी फाटकं, कोपऱ्यांवर कॅमेरे. डेअरीच्या जागेवर मंगल कार्यालय झालं. वळणावरचा दिवा लागला, एवढंच नाही तर ओळीनं दिवे लागले. चोऱ्या खरंच कमी झाल्या. पेपरात आमच्या भागाचं नाव येईनासं झालं. भगवानरावही घर विकून मुलाकडं पुण्याला गेले. जाताना वत्सलाबाईंच्या पाया पडले, वयानं मोठे असून. वत्सलाबाईंनी पाय मागं घेतले.

नवीन माणसं गाडीतून यायची आणि फाटक उघडून आत जायची. ओट्यावर बसलेल्या बाईकडं बघून हसणारंही त्यांच्यात कुणी नव्हतं. एकदा शेजारच्या बंगल्यातल्या बाईंनी कामवालीकडून निरोप धाडला की तुम्ही सारखं आमच्या फाटकाकडं बघत बसता, ते बरं दिसत नाही. वत्सलाबाईंनी खुर्ची उचलली आणि तोंड दुसरीकडं करून ठेवली. मला ते दोन दिवसांनी कळलं. मी भांडायला निघाले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गीता. भीती वाटत आसंल तिला."

चंद्रभागाबाईला त्यांनी पुढं दोनदा निरोप पाठवला. जवाब आला नाही. तिसऱ्यांदा पाठवायचं त्यांनीच टाळलं. म्हणाल्या, माझ्या मनाची खाज भागवायला तिला कशाला तरास.

मग माझी अंबाजोगाईला बदली झाली. सामान टेम्पोत चढवलं तेव्हा वत्सलाबाई आत स्वयंपाकघरात काहीतरी करत राहिल्या. निघताना दशम्यांचं गाठोडं हातात दिलं आणि म्हणाल्या, "नीट जा." एवढंच. शिवकन्या आता चकलांब्यालाच असते, फडावर जात नाही. ती आईला तिकडं ये म्हणते. वत्सलाबाई महिनाभर राहून येतात आणि परत त्याच घरात येतात. पुढच्या खोल्या पुन्हा कुणाला दिल्या नाहीत. विचारायला माणसं येतात, त्या बसवून घेतात, पाणी देतात. त्यांचं बोलणं ऐकून माणसं घड्याळ बघतात आणि उठतात.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. तब्येतीचं बोलून झालं. मग विचारलं, "तिकडं शेजार कसा हाय?"

मी म्हणाले, "चांगला असावा. अजून कुणाची ओळख नाही, काकू."

"किती दिवस झाले तुला जाऊन?"

"झालं की वर्ष."

पलीकडून काही वेळ आवाज आला नाही. मला वाटलं फोन कटला.

"हाय मी," त्या म्हणाल्या.

"मीपण आहे," मी म्हणाले. मग दोघी तशाच फोन धरून राहिलो.